परसातले दुसरे घर : मदत कोठे मिळते आणि कोठे मिळत नाही



विंझर गटात ऊस नोंदीसाठी फिरताना अलीकडे लागणीपेक्षा घराचे प्रश्न जास्त विचारले जातात. थोरल्याचे लग्न झाले, खोली एकच आहे. म्हातारी आई जिना चढू शकत नाही. सालगडी ठेवायचा आहे, पण त्याच्या बायकापोरांना राहायला जागा नाही. राजगड-तोरण्याला येणारे लोक रात्री मुक्कामाला जागा विचारतात. प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच असतो : "साहेब, परसात दोन खोल्या काढायच्या म्हणतो. पंचायत समितीकडनं काही मिळतंय का?"

हा प्रश्न उसाबाहेरचा वाटेल, पण तसा नाही. ज्या घरात नव्या जोडप्याला स्वतंत्र चूल मांडायला जागा नसते, ते जोडपे नसरापूर फाट्यावरून पुण्याची गाडी धरते. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि खोडव्याची पाचट आच्छादायलाही घरात माणूस उरत नाही. म्हणून या अंकात खताऐवजी घराचा पाठ घेतला आहे.

जोडघर म्हणजे काय?

राहते घर आहे, त्याच जागेवर किंवा त्याच शेतात आणखी एक लहान, स्वतंत्र घर. त्याला स्वतःची चूल, स्वतःची मोरी-संडास आणि वेगळे दार असते. त्याला आपण 'जोडघर' म्हणू. आपल्याला ही कल्पना नवी नाही. पडवी बंद करून धाकट्याला देणे, गोठ्याच्या माळ्यावर गड्याची सोय करणे, हे आपले वाडवडील करीतच आले. फरक इतकाच की तेव्हा नकाशा, नोंद आणि कर्ज यांची गरज नव्हती. आज या तिन्हींची गरज पडते.

परदेशात काय करतात?

अमेरिकेत अशा जोडघरांसाठी तेथील स्थानिक संस्था आणि राज्ये पैशाची सवलत देतात. दोन उदाहरणे समजून घेण्यासारखी आहेत.

ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने २०१० साली परसातल्या लहान घरांवरचे विकास शुल्क माफ केले. हे शुल्क हजारो डॉलरांचे असे. ते जाताच अशा घरांचे अर्ज झपाट्याने वाढले. पण पुढे लक्षात आले की काही लोक ही घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देतात, आणि गावात राहणाऱ्याला घर मिळतच नाही. म्हणून २०१८ साली माफी कायम करताना अट घातली : माफी हवी असेल तर दहा वर्षे ते घर असे अल्पमुदतीच्या भाड्याने देता येणार नाही.

दुसरे कॅलिफोर्नियाचे. तेथे २०२१ नंतर काही काळ पात्र घरमालकाला जोडघरासाठी अनुदान मिळत होते. पुढे त्याची मर्यादा ४०,००० डॉलरपर्यंत गेली. हे अनुदान प्रामुख्याने नकाशा, माती तपासणी, परवाने अशा बांधकामाआधीच्या खर्चासाठी होते. पैसा मर्यादित होता. तो संपला आणि अर्ज घेणे बंद झाले.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, मदत रोख रकमेनेच होते असे नाही, शुल्क किंवा व्याज माफ करूनही होते. दोन, प्रत्येक मदतीच्या पाठीमागे अट असते. तीन, तिकडेसुद्धा भिंतीच्या आधी कागदाचाच खर्च आडवा येतो. हे तीन मुद्दे मनात ठेवून आता आपल्या तालुक्याकडे वळू.

घरकुल : ऊस उत्पादकाने आशा किती धरावी?

पहिल्यांदा सगळे घरकुलाचे नाव काढतात. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. सपाट भागात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर (सुमारे २६९ चौरस फूट) बांधकाम, आणि कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ते थेट बँक खात्यात, अशी तिची रचना आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांसाठी आणखी ५० हजारांची वाढ जाहीर केली. त्यात ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार सौर यंत्रणेसाठी आहेत.

पण ही योजना बेघर आणि कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. दुसऱ्या घरासाठी ती नाही. २०२४ च्या सुधारित निकषांप्रमाणे पुढील कुटुंबे वगळली जातात :

१) अडीच एकर किंवा अधिक ओलिताची, अथवा पाच एकर किंवा अधिक कोरडवाहू जमीन असणारी;

२) ५० हजार रुपये किंवा अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असणारी;

३) तीनचाकी-चारचाकी वाहन किंवा यांत्रिक शेती अवजार बाळगणारी;

४) आयकर किंवा व्यवसाय कर भरणारी, सरकारी नोकर असणारी, किंवा दरमहा १५ हजारांहून अधिक मिळवणारी व्यक्ती ज्यांच्या घरात आहे अशी.

आता आपल्या सभासदाचा हिशेब मांडा. एक एकर उसाला सोसायटीकडून मंजूर होणारी पीककर्ज मर्यादा बहुधा दुसऱ्या मुद्द्याच्या वर जाते. म्हणजे नियमित ऊस घालणारा आणि पीककर्ज उचलणारा सभासद बहुतेक वेळा येथेच बाद होतो. पोराची शिधापत्रिका वेगळी काढली म्हणजे काम होईल, असे काही जण सांगतात. नुसत्या कागदाने होत नाही. सर्वेक्षणात सध्या राहते घर कोणते, त्याचे छायाचित्र घेतात आणि यादी ग्रामसभेपुढे येते. बापाच्या पक्क्या घरात राहणाऱ्याला बेघर दाखवले, तर ज्याच्या डोक्यावर खरोखर पत्राही नाही अशा गावकऱ्याचा नंबर मागे जातो. आणि कोणी "घरकुल मंजूर करून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका.

मात्र तुमच्या शेतावर राबणारा भूमिहीन मजूर या योजनेत बसू शकतो. त्याला जागा नसेल तर जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी अर्थसाह्य योजना २०१५ पासून आहे. अशा माणसाला ग्रामसभेत अर्ज करायला, कागद जमवायला मदत करा. त्याचे घर गावात झाले म्हणजे तो गावात राहिला. यात त्याचे हित आहे आणि तुमचेही आहे.

मग सभासदाला काय मिळू शकते?

दुसऱ्या घरासाठी सरसकट रोख अनुदान देणारी योजना नाही. हे स्पष्ट सांगितलेले बरे. पण बाजूच्या दारांनी काही मदत येते.

*शौचालय.* स्वच्छ भारत मिशनच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात, नव्याने वेगळ्या झालेल्या आणि शौचालय नसलेल्या पात्र कुटुंबाला १२ हजार रुपयांच्या प्रोत्साहनाची तरतूद झाली. पात्र वर्गात अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकरी येतात. मुलगा-सून खरोखर वेगळे राहणार असतील तर काम सुरू करण्याआधीच ग्रामपंचायतीत विचारा, आणि चालू वर्षी निधी आहे का याची पंचायत समितीत खात्री करा.

*घरपट्टी.* नवे घर बांधले की नमुना ८ ला नोंद आणि घरपट्टी आलीच. डिसेंबर २०१५ च्या सुधारणेपासून ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. म्हणजे कौलारू माती-विटांच्या घराला कमी आणि स्लॅबच्या घराला जास्त. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत कर भरला तर पाच टक्के सूट आणि नंतर दंड, असा नियम आहे. सूट लहान आहे, पण आपल्या हातची आहे. काही जण घरपट्टीच्या भीतीने नोंदच करीत नाहीत. तसे करू नका. नोंद नसलेल्या घरावर बँक कर्ज देत नाही, आणि भावकीत वाद झाला तर घर तुमचे हे दाखवायला कागद राहत नाही.

*व्याजाचा परतावा.* जोडघर पाहुण्यांच्या मुक्कामासाठी बांधायचे असेल आणि घरची बाई ते चालवणार असेल, तर ही मदत सर्वांत मोठी आहे. जून २०२३ मध्ये राज्याच्या पर्यटन विभागाने 'आई' हे महिला केंद्रित पर्यटन धोरण आणले. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलेल्या आणि महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळते. ते सात वर्षे किंवा एकूण साडेचार लाख रुपये, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत मिळते. अट अशी की व्यवसाय खरोखर तिच्या मालकीचा पाहिजे, निम्मा कर्मचारीवर्ग महिलांचा पाहिजे, आणि हप्ते वेळेवर भरले पाहिजेत. नुसती सूनबाईची सही घेऊन सगळा कारभार दाजींनी केला तर ते या धोरणात बसत नाही. शिवाय सप्टेंबर २०२० पासून राज्याचे कृषी पर्यटन धोरण आहे. त्याखालील नोंदणी प्रमाणपत्र कर्ज मागताना उपयोगी पडते. बारामती तालुक्यातील पळशीवाडीच्या कृषी पर्यटन केंद्राची वाट शेतीतूनच निघाली. होईल तितक्या सभासदांनी ते जाऊन पाहावे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला राजगड आहे. तालुक्याचे वेल्हे हे नाव बदलून राजगड झाले ते त्याच किल्ल्यावरून. माणसे वाढतील, त्यामुळे मोह होणार. पण पोर्टलंडची अट आठवा. सगळ्याच खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि लेक-सून मात्र पुण्यात भाड्याच्या खोलीत, असे झाले तर जोडघर बांधून मिळवले काय? आधी घरच्या माणसाची सोय, आणि उरली तर पाहुण्याची.

जागा कोणती आणि कागद कोणते?

*गावठाणात :* घराची जागा तुमच्या नावावर आहे हे दाखवणारे मालमत्ता पत्रक आधी पाहा. ड्रोनने गावठाण मोजण्याचे काम आपल्या राज्यात प्रथम पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाले. पुढे २०२० साली ते स्वामित्व योजना म्हणून देशभर सुरू झाले. तुमच्या गावची पत्रके निघाली असतील तर आपले पत्रक तपासा. त्यात चार भावांची नावे असतील तर चौघांची संमती लेखी घ्या. भिंत उभी राहिल्यावर भांडण सोडवण्यापेक्षा पाया खोदण्याआधी चहा पाजून सही घेणे स्वस्त पडते.

*शेतात :* महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये 'शेत इमारत' या शब्दाची व्याख्या आहे. तीत अवजारे, चारा, धान्य आणि गुरे यांच्या निवाऱ्याबरोबरच शेतकऱ्याचे कुटुंबीय, नोकर किंवा कूळ यांचे राहणेही येते. म्हणजे सालगड्याची खोली ही शेतीचाच भाग आहे. मात्र कलम ४१ प्रमाणे ज्या भागात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तेथे ०.४ हेक्टरपेक्षा (सुमारे एक एकर) कमी धारणा असेल तर परवानगी मिळत नाही. ०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत सर्व शेतघरांचे मिळून जोते १५० चौरस मीटर आणि त्यापुढे ४०० चौरस मीटर, अशी मर्यादा आहे.

*परवानगी कोणाची :* भोर-वेल्ह्याचा काही भाग २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो, बाकीचा येत नाही. डिसेंबर २०२० पासून राज्याला एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. लहान घरांसाठी तिच्यात रीत सोपी केली आहे, पण नियम बदलत राहतात. म्हणून आपला गट नंबर घेऊन ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांना आधी भेटा. "शेजाऱ्याने बांधले, त्याला कोणी विचारले नाही" ही काही परवानगी नव्हे.

*नाव कोणाचे :* २००३ पासून शासनाचे धोरण घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावे असे आहे. नमुना ८ ला नव्या घराची नोंद करताना घरच्या बाईचे नाव लावून घ्या. पुढे पर्यटनाचे कर्ज घ्यायचे झाले तर हाच कागद कामाला येईल.

आता आकडेमोड

पुढील दर केवळ उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गवंड्याचा दर घालून हिशेब पुन्हा करावा.

३०० चौरस फुटांचे जोडघर, दर १,६०० रुपये, म्हणजे बांधकाम ४ लाख ८० हजार. नकाशा, नोंदी, वीज जोडणी यांना २० हजार धरले तर एकूण ५ लाख. हे सगळे कर्जाने, ११ टक्के व्याजाने, सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,५६० रुपये येतो. वर्षाला १ लाख २ हजार ७०० च्या आसपास. सात वर्षांत व्याज सुमारे २ लाख १९ हजार.

खर्च वजा जाता एकरी ४० हजार रुपये उरतात असे धरा. म्हणजे या एका हप्त्यासाठी अडीच एकर उसाचा पूर्ण नफा सात वर्षे बाजूला ठेवावा लागेल. ज्याचा ऊसच दीड एकर आहे त्याने काय करावे?

त्याने पाच लाखांचे घर काढू नये. पडवी किंवा मोकळा गोठा यांचे जुने जोते-भिंती वापरून २०० चौरस फुटांची खोली ८०० रुपये दराने काढली, तर १ लाख ६० हजारांत काम होते. शौचालयाचे १२ हजार मिळाले तर तेवढा भार कमी. यंदा जोते आणि भिंती, पुढच्या साली मोरी व फरशी, असे दोन टप्पे करता येतात. आपल्याकडचा पाऊस मात्र लक्षात ठेवा. जोते चांगले उंच घ्या, आणि छपराचे काम मृगाच्या आत पुरे होईल अशा बेतानेच सुरुवात करा.

आणि 'आई' धोरणात बसणाऱ्या भगिनीने हेच पाच लाखांचे कर्ज पर्यटनासाठी घेतले व हप्ते वेळेवर भरले, तर वरचे २ लाख १९ हजारांचे व्याज परताव्याच्या मर्यादेत येते. पण ध्यानात ठेवा, हप्ता आधी आपल्या खिशातून जातो आणि परतावा मागून येतो. पहिल्या वर्षाचे हप्ते भरण्याइतकी पुंजी हाताशी असल्याशिवाय त्यात पडू नये.

जमिनीचाही हिशेब करू. घर, अंगण आणि वाट मिळून एक गुंठा धरा. एकरी ४० टन उतारा असेल तर गुंठ्याला एक टन ऊस गेला. हे नुकसान सोसण्यासारखे आहे. पण घर शेताच्या मधोमध बांधले तर वाटेला, पाटाला आणि ट्रॅक्टर वळवायला आणखी चार-पाच गुंठे जातात. म्हणून घर बांधाला धरून, रस्त्याच्या बाजूला आणि शक्यतो हलक्या जमिनीत घ्यावे. काळी कसदार जमीन उसाला राहू द्या.

पीककर्जाचा पैसा भिंतीत घालू नका

शेवटी माझ्या खात्याची गोष्ट सांगतो. सर्वांत जास्त नुकसान घरामुळे होत नाही, घर कोणत्या पैशाने बांधले त्यामुळे होते. पीककर्ज उचलले, सिमेंट-लोखंड आणले, आणि बांधणीच्या वेळी खताला पैसा नाही. मग मोठ्या बांधणीचा हप्ता चुकतो, तण वाढते, एकरी दहा-बारा टन उतारा कमी येतो. तोडणीनंतर बिलातून सोसायटीची वसुली होते आणि हातात उरते ते पाहून माणूस कपाळाला हात लावतो. पुढच्या साली तेच कर्ज नवे-जुने करायचे. बारा-पंधरा महिन्यांच्या पिकासाठी काढलेला पैसा पंचवीस वर्षांच्या भिंतीत अडकवला की दोन्हीकडून नुकसान होते.

घरासाठी घराचे कर्ज, पिकासाठी पिकाचे कर्ज. दोन्हींची पासबुके वेगळी ठेवा. बिलाची रक्कम आली की आधी खोडव्याची खते आणि पाण्याची सोय करा, मग उरल्यातून विटा आणा.

"घर पाहावे बांधून" अशी म्हण आपल्याकडे आहे, ती उगीच नाही. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी जागेचा उतारा आणि भावकीची संमती, मग परवानगीची विचारणा, मग मदतीचा अर्ज, मग कर्ज, आणि सर्वांत शेवटी कुदळ. ज्यांनी आधीच कुदळ मारली आहे त्यांनी निदान नोंद तरी उरकून घ्यावी.

आपल्या भागातल्या जिल्हा परिषद व पंचायत समिती सदस्यांना एक प्रश्न मात्र आपण सर्वांनी विचारायला हरकत नाही. पहिल्या घराला मदत आहे, ती योग्यच आहे. पण शेतातच राहू इच्छिणाऱ्या पोरासाठी, म्हाताऱ्या आईबापासाठी बांधलेल्या दुसऱ्या खोलीला काही वर्षे घरपट्टीत सवलत किंवा कर्जाच्या व्याजात थोडा हातभार देता येईल का? ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा. मागितल्याशिवाय योजना होत नाही.

ज्यांना आपल्या घराचा हिशेब मांडून पाहायचा असेल त्यांनी सातबारा, नमुना ८ आणि सोसायटीचे पासबुक घेऊन गट कार्यालयात यावे. शेतकी खात्याचे लोक बसून आकडेमोड करून देतील. अर्ज मंजूर करणे आमच्या हातात नाही, पण उसाचे उत्पन्न किती आणि त्यातून हप्ता झेपेल किती, हे आम्ही नक्की सांगू शकतो.



— ऊस विकास अधिकारी